तुर्की टँगो: नक्कल की अस्सल?

तबकडीवाला: सध्या १९३०-४० च्या दशकांतले तुर्की टँगो (टँगो म्हणजे मूळचं अर्जेंटिनाकडचं नाचाचं संगीत) ऐकायचा नाद लागलाय. एका नाचणाऱ्या मित्राने "अर्जेंटिनाची नक्कल रे" म्हणून एका वाक्यात निकाल लावला, ते काही पचलं नाही म्हणून इथे लिहितोय. नेजिप जेलालने १९२८ ला 'माझी' (म्हणजे गेलेला काळ) बांधलं, १९३२ ला सेय्यान हानुमने ते रेकॉर्डवर गायलं, तुर्कीतला पहिला टँगो म्हणून हेच धरतात. व्हायोलिनं ऐकून युरोपातल्या एखाद्या हॉटेलात बसल्यासारखं वाटतं, मान्य. पण बाई ओळ संपवताना सूर किंचित थरथरत ठेवते, गळा मात्र काढत नाही, आणि तिथे मला नक्कल वगैरे काही आठवत नाही.

खडूस: नक्कल नाही तर काय? १९२६ ला इस्तंबूलच्या संगीत विद्यालयात तिथल्या पारंपरिक संगीताचं शिक्षण बंद केलं, १९३४ ला ते रेडिओवरूनही काढलं, १९३६ पर्यंत. सरकारने मैदान मोकळं करून दिलं आणि टँगोवाल्यांनी बॅटिंग केली. थरथर वगैरे ठीक आहे हो.

तबकडीवाला: तारखा तुम्हीच दिल्यात तर बघा की, रेकॉर्ड १९३२ ची आणि रेडिओबंदी १९३४ ची. शिवाय बंदी रेडिओवर होती, तबकड्यांवर नव्हती. दुकानात अलातुर्का (म्हणजे तेच तिथलं पारंपरिक संगीत) पण मिळायचं आणि टँगो पण. टँगो घ्या म्हणून मागे पोलीस उभा नव्हता.

पेठेतली: +१. आपल्याकडे केसकर नभोवाणीमंत्री असताना १९५२ नंतर आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली तेव्हा लोकांनी सरळ रेडिओ सिलोन लावला, आणि तुर्कीत लोक कैरो रेडिओवरची अरबी गाणी लावायचे. फतवा काढून आवड तयार होत नाही. टँगो टिकला तो आवडला म्हणून.

खडूस: ताई, हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं! लोक कैरो लावत होते म्हणजे त्यांना काय हवं होतं? टँगो नक्कीच नाही. तो आवडला इस्तंबूल-अंकाऱ्याच्या बॉलरूमवाल्यांना, गावाकडच्यांचं काय घेऊन बसलात.

पेठेतली: बरं मग शहरातल्यांची आवड खोटी असते का? हे कुठलं लॉजिक.

पायताल: राजकारण राहू द्या बाजूला, मी नाचते म्हणून सांगते. अर्जेंटिनाच्या दारिएन्सोचा ऑर्केस्ट्रा लागला की पाय आपोआप उचलतो, ठोकाच तसा आहे, गायक आला तरी ठोका सोडत नाही. इब्राहिम ओझग्युरचं 'मावी केलेबेक' (निळं फुलपाखरू) घरी दहादा ऐकेन पण फ्लोअरवर पाऊल कुठे टाकू तेच कळत नाही, सगळं गाण्याच्या तालावर डुलतं, मध्ये थांबतं काय, रेंगाळतं काय. तबकडीवाल्यांच्या मित्राची अडचण हीच असणार, त्याला नक्कल हे नाव चुकीचं दिलं इतकंच.

तबकडीवाला: एकदम बरोबर! हे ऐकायचे टँगो आहेत, नाचायला नाही जमले तर नापास कशाला करायचं. फक्त एक विनंती, खरखर पूर्ण पुसलेली फाइल ऐकू नका. त्या फिल्टरमध्ये व्हायोलिनची वरची धार पण जाते आणि बाईंचा 'स' बोबडा होतो. कलान म्युझिकने सेय्यान हानुमचे टँगो सीडीवर काढलेत, ते मिळाले तर बघा.

खडूस: सेय्यानबाई मलाही आवडतात, कधी नाही म्हटलं? पण आवाज चांगला म्हणजे प्रकार अस्सल, हे काही पटत नाही बुवा. आणि अलातुर्कावाल्यांच्या तेव्हाच्या तबकड्या कोण ऐकतंय इथे? त्याचा धागा काढा, तिथे येतो भांडायला.