खोल पाण्यातलं लोकेशन: ब्राइट स्पॉट नाही म्हणजे धोका नाही का?

गाळवाचक: नमस्कार मंडळी. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातलं, समुद्रातल्या विहिरीसाठीचं एक लोकेशन माझ्याकडे तपासायला आलंय. पाणी साधारण ११०० मीटर. तेलासाठी केलेल्या थ्री-डी सिस्मिकवर (ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीतून काढलेलं थरांचं चित्र) समुद्रतळाखालच्या पहिल्या ६०० मीटरमध्ये एकही ब्राइट स्पॉट, म्हणजे ठळक चमकणारा प्रतिध्वनी, दिसत नाही. वरिष्ठ म्हणतात, ‘धोका नाही’ असं लिहून रिपोर्ट पुढे पाठव. माझा सही करायला हात धजत नाहीये. मी उगाच अडून बसलेय का?

जुना_साइटसर्व्हे: अजिबात नाही. सही थांबवा.

ब्राइट स्पॉट बहुधा गॅस दाखवतो. दाबाखालचं पाणी भरलेली वाळू तशी चमकत नाही. मेक्सिकोच्या आखातात उर्सा क्षेत्रात, सुमारे १२०० मीटर पाण्यात, १९९० च्या दशकात अशाच वाळूतून पाणी केसिंगच्या (विहिरीत बसवलेल्या पोलादी नळीच्या) बाहेरून वर उसळलं आणि आधी खोदलेल्या विहिरी गेल्या. नदी भराभर गाळ टाकते, वाळूवर चिकणमाती बसते, आतल्या पाण्याला वाट उरत नाही आणि वरचं ओझं तेच पेलू लागतं. गोदावरीनेही गाळ काही कमी टाकलेला नाही.

त्यात विहिरीचा हा वरचा टप्पा रायझरशिवाय, म्हणजे तळापासून रिगपर्यंतच्या नळीशिवाय, खोदतात. बीओपी (विहिरीच्या तोंडावरचा झडपांचा संच) अजून बसलेला नसतो, म्हणजे बंद करायला झडपच नाही. हातात फक्त जड मड (खोदताना विहिरीत सोडायचा द्रव), आणि तो जरा जास्त जड झाला की मऊ माती फाटते. आरओव्हीच्या (दुरून चालवायच्या पाण्याखालच्या यंत्राच्या) पडद्यावर मी हे पाहिलंय: पंप बंद, तरी विहिरीच्या तोंडातून राखाडी पाणी येतच राहतं आणि कडेचा चिखल आत ढासळत जातो.

म्हणून पुरलेले चॅनल (गाळाखाली गाडलेले जुने प्रवाहमार्ग) आणि वाळूचे थर नकाशावर काढा. त्यांच्यावर मातीचं झाकण किती आणि ते उतारावर कुठवर जातात ते बघा. जाड गाळाखाली दबलेली वाळू दुसऱ्या टोकाला पातळ थराखाली येत असेल, तर जाड गाळाखालचा दाब त्या पातळ टोकापर्यंत पोचतो. आणि शेजारच्या विहिरींच्या वरच्या टप्प्याचे रोजचे ड्रिलिंग रिपोर्ट मागवाच.

हायड्रेटप्रेमी: त्याच खोऱ्यात २००६ साली जॉइडिस रेझोल्यूशन जहाजाला हजारेक मीटर पाण्यात, मातीच्या भेगांमध्ये, जवळपास १३० मीटर जाडीचा गॅस हायड्रेटचा (बर्फासारख्या घन रूपात अडकलेल्या वायूचा) पट्टा सापडला होता. सिस्मिकवर बीएसआर (हायड्रेटच्या तळाशी दिसणारी, समुद्रतळाला समांतर रेघ) शोधा, पण तो नाही म्हणजे हायड्रेट नाही असं धरू नका. उत्पादन सुरू झाल्यावर गरम तेल-वायू त्याच केसिंगमधून वर येतो, भोवतालचं हायड्रेट वितळतं आणि आधार सैल होतो.

सोनारवाला: एयूव्ही (तळाजवळून आपोआप फिरणारं पाणयान) सर्व्हेचाही आग्रह धरा. जहाजावरून न दिसणारं बारीक काही त्यात दिसतं. २००१ साली मेक्सिकोच्या आखातात पाइपलाइनच्या अशाच सर्व्हेत यू-१६६ ही जर्मन पाणबुडी सापडली, जवळजवळ १५०० मीटर पाण्यात! मात्र त्यावरचा सबबॉटम प्रोफाइलर (तळाखालचे थर ध्वनीने दाखवणारं उपकरण) काही दहा मीटरच आत बघतो. तुमच्या ६०० मीटरसाठी सिस्मिकच नीट प्रोसेस करून घ्यावं लागेल.

गाळवाचक: सगळ्यांचे आभार. शेजारच्या विहिरीचा रिपोर्ट मिळाला. रोटरी टेबलपासून (रिगवरची जागा, जिथून ड्रिलर खोली मोजतात) १५४० मीटरवर ‘पंप थांबवूनही प्रवाह, मडचं वजन वाढवलं’ अशी नोंद आहे. म्हणजे पाणी वजा करून तळाखाली चारशे मीटरच्या आसपास. माझ्या लोकेशनखाली त्याच पातळीवर एक पुरलेला चॅनल जातो. आता?

जुना_साइटसर्व्हे: आधी लोकेशन चॅनलच्या बाहेर हलवून बघा. टार्गेट खोल असतं, विहीर खाली वळवता येते. नाहीच हललं, तर त्या वाळूच्या वरच केसिंग बसवा, जड मडचा पुरेसा साठा रिगवर आधी आणून ठेवा आणि तिथपासून आरओव्ही विहिरीच्या तोंडावरून हलवू नका. रिपोर्टमध्ये खोली तळापासून आणि रोटरी टेबलपासून, दोन्ही लिहा. ड्रिलरला दुसरीच लागते.