कमांडोंना भीती वाटत नाही, हे कोणी सांगितलं?

भरती_ओहोटी (धागाकर्ता): काल इथे एकाने लिहिलं, "अमेरिकी नौदलाचे कमांडो, म्हणजे नेव्ही सील्स, भीती मारून टाकतात. चार सेकंद श्वास घ्या, चार रोखा, चार सोडा, चार थांबा. तुम्हीही निर्भय!" डोकंच फिरलं. कॅलिफोर्नियातल्या कोरोनाडोला त्यांचं प्रशिक्षण होतं, तिथली तलावातली परीक्षा बघा. उमेदवार पाण्याखाली, पाठीवर हवेच्या टाक्या. प्रशिक्षक मागून येतो, मास्क ओढतो, हवेच्या नळीला गाठ मारतो. धडपडत वर आलात की नापास. ठरलेल्या क्रमाने चाचपत गाठ सोडवायची. छाती फुटायला आलेली असते, तरी बोटं आपलं काम करत राहतात. भीती तिथेच असते हो! फक्त हातांना पुढची कृती पाठ असते.

रातराणी७: असहमत. माणूस मुळात वेगळा लागतो. 2000 साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ चार्ल्स मॉर्गन यांचा अभ्यास आला. युद्धकैदेची तालीम देणाऱ्या शिबिरात विशेष दलाच्या सैनिकांच्या रक्तात न्यूरोपेप्टाइड-वाय, म्हणजे ताण आवरणारं रसायन, इतरांपेक्षा जास्त आढळलं. सराव सराव काय करता?

भरती_ओहोटी: ते सैनिक शिबिरात येण्याआधीच वर्षानुवर्षं घडलेले होते. जन्मजात की कमावलेलं, हे त्यावरून कसं ठरवलंत?

पांढरा_कोट: अतिदक्षता विभागात माझी पहिली रात्र. रुग्णाचं हृदय थांबलं आणि मला इंजेक्शनची कुपी फोडता येईना, हात इतके थरथरत होते. दुसऱ्या दिवशी वरिष्ठ सिस्टरनी रिकाम्या खाटेशी उभं करून सगळी कृती पुन्हा पुन्हा करून घेतली. पोटात गोळा आजही येतो, कुपी मात्र फुटते. पण श्वासाला नावं ठेवू नका. दाराबाहेर दोन मिनिटं तो मोजते, म्हणून आत जाऊ शकते.

खोल_पाणी: श्वासाचा विषय निघालाच आहे तर ऐका. माझा धाकटा भाऊ असंच काहीतरी वाचून तलावात श्वास रोखायला लागला. आधी भराभर खोल श्वास घ्यायचा, मग बुडी. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. श्वास घ्यायची तडफड मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे तितकी नाही. म्हणजे धोक्याची घंटाच बंद! तळाशी शांत पडलेला दिसला, मला वाटलं सराव चाललाय. बाहेर काढला तेव्हा ओठ निळे होते. वाचला. असले धागे काढणाऱ्यांचा मला राग येतो.

भरती_ओहोटी: माझ्यावर का घसरता? मी श्वास रोखा म्हटलंय कुठे?

खोल_पाणी: "छाती फुटायला आलेली असते" हे चवीने कोणी लिहिलं? सोळा-सतरा वर्षांची पोरं हे वाचतात. तिथे पाण्यात प्रशिक्षक असतात, काठावर वैद्यकीय पथक. ते का नाही लिहिलंत?

रातराणी७: विषयांतर होतंय. मूळ मुद्दा जनुकांचा होता.

खोल_पाणी: भावाला पाण्यातून ओढलेलं नाही तुम्ही. विषयांतर म्हणे!

पांढरा_कोट: खोल_पाणी बरोबर बोलतायत. पाण्यातून बेशुद्ध आणलेली मुलं मी पाहिलीत. सगळी चांगली पोहणारी.

भरती_ओहोटी: ठीक. वैद्यकीय पथकाचं लिहायला हवं होतं, ते राहिलं. बाकी एक शब्दही मागे घेत नाही. रातराणी, जनुकांसाठी वेगळा धागा काढा, तिथे भांडू. खोल_पाणी, भाऊ पुन्हा पाण्यात उतरला का?

खोल_पाणी: उतरतो. मी काठावर उभा असलो तरच.