सीआरपी एलायझा: न्यूमोनियाच्या रुग्णांचे आकडे निरोगी माणसांएवढे कसे?

सीरमवाली:
सीरममधलं सीआरपी (संसर्ग-दाहात वाढणारं प्रोटीन) मोजायला सँडविच एलायझा किट वापरतेय, म्हणजे प्रोटीन दोन अँटीबॉडींमध्ये पकडून रंगावरून मोजायचं. स्टँडर्ड २५ पासून निम्मे-निम्मे करत ०.३९ नॅनोग्रॅम/मिली पर्यंत. सीरम १०० पट पातळ केलंय. निरोगी गट १-२ मिग्रॅ/लिटर येतो, ते पटतं. पण न्यूमोनियाचे तीन रुग्ण दीडच्या आसपासच दिसतात. त्यांचं टर्बिडिमेट्रीवर (द्रावणाच्या गढूळपणावरून मोजणारी पद्धत) २०० च्या वर होतं. शिवाय डुप्लिकेटचा सीव्ही (एकाच सॅम्पलच्या दोन वाचनांतली तफावत) काही जोड्यांत २५ टक्के, बहुतेक प्लेटच्या कडेला. स्टँडर्डचा कर्व्ह मात्र झकास. किटच बाद आहे का?

पिपेटबहाद्दर:
किटला बोल लावू नका, हिशेब करा. २२० मिग्रॅ/लिटर म्हणजे २,२०,००० नॅनोग्रॅम/मिली. १०० पट पातळ केल्यावरही वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) २,२०० उरलं आणि तुमचा वरचा स्टँडर्ड २५. हा सरळसरळ हुक इफेक्ट, सीआरपी फार झालं की सिग्नल उलट पडतो.

ओडी४५०:
इतकं सरळ नाही. सॅम्पल आधी, मग वॉश, मग डिटेक्शन अँटीबॉडी असा क्रम असेल तर जादा सीआरपी धुऊन जातं आणि ओडी (रंगाच्या गडदपणाचं वाचन) बहुधा वरच अडकून राहतो, एवढा खाली येत नाही. तुमच्या किटमध्ये दोन्ही एकत्र घालतात का?

सीरमवाली:
हो. ५० मायक्रोलिटर सॅम्पल, त्यावर लगेच ५० एचआरपी-अँटीबॉडी (रंग आणणारं एन्झाइम जोडलेली डिटेक्शन अँटीबॉडी), एक तास, मग वॉश.

ओडी४५०:
मग हुकच. मोकळं सीआरपी द्रवातच एचआरपी-अँटीबॉडी गिळून बसतं, ती प्लेटवर बसलेल्या रेणूंच्या वाट्याला येतच नाही. वॉश केला की सिग्नल नाल्यात.

एकदम १ मायक्रोलिटर ९९९ मध्ये घालू नका, तिथे पिपेटची चूकच मोजली जाते. १० मायक्रोलिटर सीरम + ९९० डायल्युएंट (पातळ करायचं द्रावण) = १०० पट. त्यातलं १०० + ९०० = १,००० पट. पुन्हा तसंच १०,००० आणि मग १,००,०००. दर टप्प्याला नवी टिप, नीट मिसळणं, आणि डायल्युएंट किटचाच. साधा पीबीएस (फॉस्फेट-मिठाचा बफर) चालत नाही, प्रोटीन नसेल तर सीआरपी ट्यूबच्या भिंतीला चिकटतं.

निरोगी सॅम्पल १०० आणि १,००० पट लावा, रुग्णांचे १०,००० आणि १,००,०००. २२० असेल तर १०,००० पटीला २२ आणि लाखाला २.२ नॅनोग्रॅम/मिली यायला हवं. पटीने गुणल्यावर दोन्ही उत्तरं २० टक्क्यांच्या आत जुळली तरच आकडा लिहा. पातळ करत जाताना गुणाकार वाढतच गेला, तर आधीचा आकडा खोटा होता. गुणाकारातून येणारं उत्तर नॅनोग्रॅम/मिली असतं, १,००० ने भागलं की मिग्रॅ/लिटर.

टर्बिडिमेट्रीशी तंतोतंत जुळवण्याच्या नादी लागू नका. दोन्ही पद्धती ईआरएम-डीए४७४ किंवा डब्ल्यूएचओच्या ८५/५०६ या सीआरपीच्या प्रमाणित संदर्भ नमुन्यांशी बांधलेल्या आहेत का, ते माहितीपत्रकात बघा.

वॉशबाटली:
कडेच्या सीव्हीचं वेगळं दुखणं आहे. फ्रिजमधली प्लेट लगेच वापरली की कडा आणि मधलं तापमान वेगळं राहतं. प्लेट आणि रिएजंट अर्धा तास बाहेर ठेवा, प्लेटला सीलर लावा, एसीच्या झोताखाली ठेवू नका. वॉश दर वेळी ३०० मायक्रोलिटर, शेवटी टिश्यूवर जोरात आपटा. मॅन्युअल वॉशमध्ये कोपऱ्यातल्या वेलमध्ये थेंब राहतो, तिथेच सीव्ही बिघडतो.

एका चॅनेलच्या पिपेटने ९६ वेल भरायला दहाएक मिनिटं सहज जातात, आणि एकत्र घालायच्या किटमध्ये तो फरक लपत नाही. पातळ केलेली सॅम्पलं आधी साध्या प्लेटमध्ये भरून ठेवा, तिथून मल्टिचॅनेलने एकदम उचला. टीएमबी (रंग देणारं द्रावण) ज्या क्रमाने आणि वेगाने घातलं, त्याच क्रमाने आणि वेगाने रंग थांबवणारं आम्ल. वाचन ४५० नॅनोमीटरला, ५७० किंवा ६३० चं वाचन वजा करून.

आणि वॉश बफर जुना असेल तर लेबल वाचा. टिकावा म्हणून कोणीतरी सोडियम अझाइड घातलेलं असतं, आणि ते एचआरपी मारून टाकतं.

सीरमवाली:
लेबलवर ०.०५ टक्के अझाइड लिहिलंय!

वॉशबाटली:
तो बफर बाद करा, पण सिंकमध्ये ओतू नका. कर्व्ह चांगला दिसला कारण सगळ्या वेलमध्ये सारखंच नुकसान झालं. नव्या बफरने वरच्या स्टँडर्डचा ओडी वाढतो का ते आधी बघा, मग रुग्णांचं सीरम वितळवा.