वरच्यांची मोरी, खालच्यांचं छत: तुमच्याकडे खर्च कोणी केला?

आमच्या सोसायटीत सध्या ३०२ च्या बाथरूमचं पाणी २०२ च्या बेडरूममध्ये उतरतंय. वरचे म्हणतात, पाइप कॉमन आहे, सोसायटीने बघावं. सेक्रेटरी म्हणतात, तुमचं तुम्ही मिटवा. खालच्या काकूंनी तोवर पलंग सरकवून तिथे बादली ठेवली आहे. तुमच्याकडे असं झालं तेव्हा गळती कुठून आहे हे कसं ठरलं आणि शेवटी खिशात हात कोणी घातला, तेवढं लिहा. बिल्डरला शिव्या नंतर घालू.

डोंबिवली, खालचा मजला

वरच्यांचं उत्तर ठरलेलं असतं: "आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे." असणारच की! आमचा प्लंबर मात्र हुशार निघाला. आधी त्याने विचारलं, ओल चोवीस तास सारखीच असते की आंघोळी झाल्यावर वाढते? सारखी असेल तर नळाची लाइन, वाढत असेल तर सांडपाण्याची बाजू किंवा लादीखालचं वॉटरप्रूफिंग. आमची सकाळी वाढायची. मग वरच्या बाथरूममध्ये नहाणी ट्रॅपला (लादीतल्या पाणी जायच्या जाळीला) बोळा कोंबून लादीवर लाल रंगाचं पाणी रात्रभर भरून ठेवलं. सकाळी आमच्या छताला, ट्यूबलाइटच्या पट्टीशेजारी, गुलाबी डाग. वरचे काका स्वतः खाली येऊन मान वर करून बघत उभे राहिले, आणि वाद तिथेच संपला. लाद्या, कोबा, नवं वॉटरप्रूफिंग, सगळा खर्च त्यांनी केला. आमच्या छताच्या रंगाचे पैसे मात्र "बघू" वरच राहिले आहेत.

पुणे, सोसायटीचा सेक्रेटरी

दोन्ही मजल्यांचे बोल खाणारा मी. गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी, म्हणजे सोसायटीची नियमावली, सगळ्यांकडे असतात, उघडत कोणी नाही. पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या कॉमन पाइपची आणि ड्रेनेज लाइनची गळती, टेरेसमधून पाणी येऊन शेवटच्या मजल्याच्या छताचं पडलेलं प्लास्टर, हे संस्थेच्या खर्चाने. फ्लॅटच्या आतल्या संडास-सिंकची गळती सभासदाच्या खर्चाने. भांडण लागतं ते मधल्या तुकड्यावर. डक्टमधला (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतला) उभा पाइप कॉमन हे सगळे मान्य करतात, पण तुमच्या बाथरूममधून निघून त्याला मिळणारा आडवा पाइप कोणाचा? आम्ही तो सभासदाचा धरतो.

खरी अडचण दाराची. आगाऊ सूचना दिल्यावर सभासदाने तपासणीला आत येऊ द्यायचं असतं. कागदावर. नाहीच उघडलं तर नोटीस आणि मग सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय, म्हणजे तारीख पे तारीख आणि तोवर खालच्याचं प्लास्टर खाली. म्हणून आम्ही सर्वसाधारण सभेत ठराव करून घेतला: प्लंबर संस्था बोलावणार, आधी पैसे संस्था देणार, ज्याची गळती निघेल त्याच्याकडून वसूल करणार. ठराव झाल्यापासून दारं पटापट उघडतात.

नाशिक, वरचा मजला

दुसरी बाजूही ऐका. खालच्यांनी गळ्यावर पाय ठेवला म्हणून आम्ही बाथरूमच्या लाद्या उखडल्या. ऐन गणपतीत! ओल जशीच्या तशी. शेवटी डक्टमध्ये माणूस उतरवला तेव्हा ड्रेनेज पाइपच्या जॉइंटमध्ये पिंपळ उगवलेला सापडला, मुळं थेट पाइपच्या आत. पाइप सोसायटीने बदलला. आमच्या लाद्यांचं कोण देणार, यावर कमिटीत सगळ्यांना एकदम घाई झाली घरी जायची. फोडाफोडीआधी डक्ट बघा, एवढंच सांगते.

रत्नागिरी, शेवटचा मजला

आमच्या डोक्यावर कोणी राहत नाही, टेरेस आहे. सोसायटीची जबाबदारी आहे हे कोणी नाकारत नाही, फक्त पावसाळ्यात म्हणतात आता काम होत नाही आणि दिवाळीनंतर म्हणतात निधी नाही. दुरुस्ती निधी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के घ्यायचा असतो. मेंटेनन्स वाढू नये म्हणून तो कमी ठेवा असं म्हणणारे सगळे पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरचे!

वाकड

नवी इमारत असेल तर आपसात भांडू नका. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष निघाला आणि बिल्डरला कळवला, तर रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे त्याने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. मात्र तुम्ही स्वतः बाथरूम फोडून नवं केलं असेल तर तो तेवढंच धरून बसतो. आमच्या मजल्यावर दोघांचं तसंच झालंय.

सिंगापूर

इथे एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, फ्लॅटमध्ये छत गळलं तर दुरुस्ती वरच्या आणि खालच्या अशा दोघांच्या गळ्यात. एचडीबीच्या मदत योजनेत निम्मा खर्च ते उचलतात, उरलेला दोघांत सारखा. ज्याचं छत गळतं त्यानेही २५ टक्के द्यायचे हे आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे भिजायचं पण आपण आणि भरायचं पण आपण?" खाजगी कॉन्डोत मात्र उलटं सिद्ध होईपर्यंत दोष वरच्याचाच, असं कायदाच गृहीत धरतो.

ठाणे

वरचा फ्लॅट बंद, मालक दुबईत, किल्ली कोणाकडेच नाही. काय करायचं?

पुणे, सेक्रेटरी

आधी टेरेसवरून त्यांच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून बघा. ओल थांबली तर नळाची लाइन आहे हे निदान कळेल. मालकाला ईमेलवर फोटो पाठवा, कमिटीला पत्र द्या आणि पोच घ्या. पोच विसरू नका.