मदत हवी आहे: कादंबरीतील पर्वणीचा हिशेब आणि वाचकाला द्यायचे उत्तर

मी नाशिकला राहून मराठीत अद्भुत कादंबऱ्यांची मालिका लिहीत आहे. दोन भाग प्रसिद्ध झाले असून तिसऱ्याचे लेखन सुरू आहे. पहिल्या भागातील नदीकाठची पर्वणी, आपल्या सिंहस्थाप्रमाणे, गुरू सिंह राशीत आल्यावर दर बारा वर्षांनी भरते. दुसऱ्या भागात मात्र ती अकराव्याच वर्षी भरल्याचे एका वाचकाने दाखवून दिले. (टिपणवही चाळायला हवी होती, हे खरे.) गुरूची सूर्यप्रदक्षिणा सुमारे ११.८६ वर्षांची असल्याने साधारण ८३ वर्षांत एकदा अकरा वर्षांचे अंतर पडते, एवढा हिशेब मी करून पाहिला आहे. छापलेल्या प्रती बदलता येणार नाहीत आणि पुढील कथानकही उघड करायचे नाही. अशा वेळी त्या वाचकाकडे चूक सरळ मान्य करावी, की हे कारण तिसऱ्या भागात येईपर्यंत उत्तर राखून ठेवावे?