'कोरडी' नळी की 'आटलेली'?

खाडीकाठी: दम्यावरचं माहितीपत्रक मराठीत करतोय, गुहागर-दापोलीकडच्या वाचकांसाठी. 'श्वासनलिकेच्या पृष्ठभागाचा कोरडेपणा' असं लिहिलं. आईने वाचून विचारलं, "आषाढात इथे पापड सादळतात, मिठाला पाणी सुटतं, आणि नळी कोरडी कशी रे पडेल?" 'निर्जलीकरण' लिहू का?

कोकमसार: नको! वाचणारा मीठ-साखर-पाणी पिऊन मोकळा होईल. इथे तहानेचा संबंध नाही. नळीच्या अस्तरावर पाण्याचा थर असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ. पेशींनी त्यातलं सोडियम जास्त ओढलं की पाठोपाठ पाणीही आत जातं. कैरीच्या फोडींना मीठ चोळल्यावर पाणी सुटतं, तीच ओढ. थर उतरला की कफ, एरवी त्याला वर ढकलणाऱ्या, खालच्या बारीक लवेवर बसतो (परिभाषेत 'पक्ष्माभिका', म्हणून बघा एकदा). ओहोटीला होडी चिखलात रुतल्यावर वल्ही काय मारणार? बाहेर हवा कितीही दमट असो.

खाडीकाठी: आणि वावड्याचं, म्हणजे ॲलर्जीचं काय?

कोकमसार: कफ हलेना म्हणजे त्यात अडकलेली धूळ, बुरशीही तिथेच मुक्कामाला. २००४ साली असे उंदीर तयार केले की ज्यांच्या नळ्या सोडियम जादा शोषतात. नळ्या कफाने तुंबल्या, सूजही आली. पुढे तशा पिल्लांना बुरशीचा अर्क दिला, तर वावड्याची सूज साध्या पिल्लांपेक्षा जास्त. उंदरांचं आहे हे, पत्रकात तसं लिही.

सड्यावरचा: मुळात 'कोरडं' आणि 'सुकं' एक नव्हे. कोरडं म्हणजे ओल नाही, एवढंच. सुकं म्हणजे होती ती गेली. अंगणात बांगडे सुकत घालतात, कोरडे घालत नाहीत. शिवाय 'कोरडा खोकला' म्हणजे कफ न पडणारा, आणि इथे तर कफ साचलाय. लोक नेमकं उलटं समजतील. 'अस्तरावरचं पाणी आटणं' लिही, विहीर आटते तसं.

कोकमसार: आटणं झकास. दूध आटलं की दाट होतं, कफाचंही तेच. जाता जाता, पत्रकात सुजेला 'दाह' लिहिलं असशील तर काढ, पित्ताची जळजळ वाटते. 'सूज' पुरे.

खाडीकाठी: आईला वाचून दाखवलं. "आटलं म्हणजे बुडाला लागलं," म्हणाली. ठेवतोय. नळीला लव असते हे मात्र तिला अजून पटलेलं नाही.