सावंतवाडी, वेंगुर्ला, कुडाळकडे लहानपण गेलेले कोणी आहेत का इथे? मुलीला काय सांगू?

वाडीकर_घोडबंदर

नमस्कार मंडळी. राहतो ठाण्यात, घोडबंदर रोडला, पण बारावीपर्यंतचं सगळं आयुष्य सावंतवाडीत गेलं. जन्म १९७५ चा. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर बाईंनी पाटीवर नवीन जिल्ह्याचं नाव लिहून घेतलं, ते मला अजून आठवतं.

विषय असा की मुलगी चौदा वर्षांची आहे. परवा लाईट गेली, लिफ्ट बंद, वायफाय बंद, दोघं गॅलरीत बसलो होतो तर ती म्हणाली बाबा तुम्ही माझ्याएवढे होतात तेव्हा संध्याकाळी काय करायचात? मी सुरू झालो. मोती तलाव, समोर राजवाडा, कठड्यावर बसायचो, चितारआळीत लाकडी फळं रंगवताना बघत उभे राहायचो, श्रीराम वाचन मंदिरात पुस्तक बदलायला जायचो... पाच मिनिटांत ती ‘हं, हं’ करायला लागली. तिची चूक नाही. मी नुसतं छान होतं, मजा होती एवढंच सांगत होतो, त्यात तिला बघायला काहीच नव्हतं.

मग मी तिला काजूचं सांगितलं आणि ती सरळ होऊन बसली. एप्रिल-मे मध्ये आम्ही पोरं उजाडायच्या आधी डोंगरावर जायचो, पडलेले बोंडू गोळा करायचे, बी पिळून काढायची आणि बोंडू तिथेच चोखायचे, घसा धरायचा तरी खायचे, शर्टावर रस उडाला की तो डाग जन्मात जात नाही त्यामुळे सुट्टीभर एकच शर्ट. बिया वाण्याकडे न्यायच्या, तो आधी पाण्याच्या बादलीत टाकायचा आणि तरंगली ती बी परत आमच्या हातात द्यायचा. त्या पैशांवर आमची जत्रा व्हायची. परत आलेल्या बिया पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून त्यात भाजायच्या, आतलं तेल पेटून भडका उडतो, लगेच डबा पालथा करून वर माती टाकायची आणि निवल्या की दगडाने फोडायच्या. हाताला तेल लागून सालपटं निघायची, जूनमध्ये नव्या वहीवर काळी बोटं उमटायची. तिने माझा हात धरून बघितला, अजून काही दिसतं का म्हणून.

आता मुद्द्याचं. आई गेल्यापासून तिकडचं घर बंद आहे. भाऊ म्हणतो विकूया आणि त्याचंही बरोबर आहे, दरवर्षी छपराच्या शाकारणीला कोण जाणार. पण विकायच्या आधी मुलीला तिथलं काहीतरी मिळावं असं फार वाटतं. तुम्ही तुमच्या मुलांना काय सांगता, काय दाखवता? मे महिन्यात नेलं होतं दोनदा, आंबे खाऊन आणि उकाड्याने वैतागून परत आली.

झील_कुडाळचो

दादा, मे मध्ये न्हेऊ नको रे पोरांक. मराठीत लिहितो, इथे सगळ्यांना कळायला पाहिजे.

जत्रेला न्या. त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमाराला आपल्याकडे जत्रा सुरू होतात, सोनुर्लीची माऊलीची लोटांगणाची जत्रा तर तुमच्या सावंतवाडीपासून जवळच. दिवसा जाऊन नारळ ठेवून परत यायचं नाही, रात्रभर थांबायचं. पालखी फिरून झाली की मग मध्यरात्री दशावतार उभा राहतो, पहाटेपर्यंत. मी माझ्या मुलाला (ऐरोलीत वाढला, तेव्हा सातवीत होता) नाटक सुरू व्हायच्या आधीच मागे नेलं होतं, जिथे ते लोक रंगायला बसतात. पेटाऱ्यात ठेवलेला त्यांचा गणपती, समोर एवढासा आरसा, आणि एक चाळीशीचा माणूस आपल्या हाताने भुवया रेखून, नऊवारी नेसून हळूहळू राणी होत होता. मुलगा अर्धा तास हलला नाही. नंतर त्याला कळलं की याला लिहिलेलं नाटकच नसतं, कथा ठरलेली आणि बोलणं सगळं तिथल्या तिथे, तर त्याला ते खरंच वाटेना, मला म्हणाला मग चुकलं तर? म्हटलं समोरचा सांभाळून घेतो, पेटी आणि मृदंग आहेत ना. पहाटे जत्रेतलं गोड खाजं बांधून घेतलं आणि थंडीत कुडकुडत घरी आलो. आता दर वर्षी तोच विचारतो जत्रा कधी आहे.

आणि जाताना दिवा–सावंतवाडी पॅसेंजरने जा. अख्खा दिवस लागतो, पण बोगदे, नद्या, एकेक स्टेशन असं करत हळूहळू आपलं गाव जवळ येतं ते मुलांना दिसतं. रात्रीच्या गाडीत झोपून गेलं की त्यांच्यासाठी ठाण्यात बसलो आणि सकाळी आजीकडे उतरलो, मधलं काहीच नाही. आपण रातराणी एसटीने यायचो, १९९८ च्या आधी रेल्वे होतीच कुठे पूर्ण, पण पोटातलं पाणी हलून हलून रस्ता पाठ झालेला असायचा.

घराबद्दल एकच सांगतो, बंद ठेवायचं असेल तर कोणाला तरी चावी देऊन ठेवा. चिऱ्याच्या भिंतींना काही होत नाही पण वाळवी आणि माकडं, दोन पावसात छप्पर बसतं. आमचं गेलं असंच.

नेरूळची_वेंगुर्लेकर

मी वेंगुर्ल्याची, लग्नानंतर नेरूळला, चोवीस वर्षं झाली. वरचं सगळं वाचून डोळ्यात पाणी आलं पण दादा एक सांगू का, तुम्हा दोघांच्या आठवणी मुलग्यांच्या आहेत. डोंगरावर जाणं, रात्रभर जत्रेत फिरणं. तुमची मुलगी आहे, तर तिला हेही कळू दे.

आमच्या गावात ‘कोणाची गो तू?’ हा प्रश्न जन्मभर पाठीशी होता. लहान असताना छान वाटायचं, कुठेही हरवलं तरी कोणीतरी घरी आणून सोडायचं. पण दहावीनंतर तोच प्रश्न गळ्याशी यायला लागला. मी सायकलने कॉलेजला जायचे. एक दिवस एसटी स्टँडजवळ वर्गातल्या एका मुलाने फिजिक्सचं जर्नल परत दिलं, पाच मिनिटं बोललो असू, प्रॅक्टिकल कधी आहे वगैरे. मी घरी पोचायच्या आधी ते घरी पोचलं होतं. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी सायकल पडवीत आणून खांबाला साखळीने बांधली, कुलूप लावलं आणि चावी देवघराच्या खणात ठेवली, उदबत्तीच्या पुड्याखाली. मी रोज दिवा लावायला जायचे, रोज ती चावी दिसायची. दोन महिने चालत गेले कॉलेजला, कोणीही एक शब्द बोललं नाही त्यावर, मीही नाही.

एकच जागा होती जिथे मला कोणी काही विचारत नसे, नगर वाचनालय. पुस्तक बदलायला जाते म्हटलं की घरचे सोडायचे. मग मी मुद्दाम पातळ पुस्तकं घ्यायचे, म्हणजे लवकर संपतील आणि परत जाता येईल. आत लाकडी टेबल, पंख्याचा आवाज, मासिकांना दोरा ओवून अडकवलेलं असायचं. आजही नवी मुंबईत कुठल्या वाचनालयात शिरले की तो जुन्या कागदाचा वास आला पाहिजे असं वाटतं.

गाव मला प्रिय आहे, बंदरावरची संध्याकाळ, आरवलीच्या वेतोबापुढच्या त्या एवढ्या मोठ्या चपला आणि केळ्यांचे घड, सगळं प्रिय आहे. तिला न्याच. पण गाव म्हणजे नुसतं मोकळेपण होतं असं सांगू नका, ती मोठी होऊन कोणा आत्याशी, मावशीशी बोलेल तेव्हा तिला तुमचं अर्धंच खरं वाटेल.

चरईतला

मी कोकणातला नाही, जन्मापासून ठाण्यात. तरी लिहितो कारण १९८२ ला महानगरपालिका झाली त्या सुमाराचं ठाणं पण एक गावच होतं. वाड्यात विहीर, तलावपाळीवर संध्याकाळी निम्मे लोक ओळखीचे, रंगायतनला नाटकाला गेलं की इंटरव्हलमध्ये शाळेतले सर भेटणारच. तुमच्या मुलीला सावंतवाडीला नेण्याआधी एखाद्या रविवारी मासुंद्याला, म्हणजे त्याच तलावपाळीला, एक चक्कर मारा, कौपिनेश्वराच्या देवळापासून चालत. तळं, देऊळ, बाजार, सगळं हाकेच्या अंतरावर, म्हणजे छोटं गाव कसं बांधलेलं असतं ते पायाने कळतं. मग तिथे मोती तलाव बघितला की तिला ओळखीचं वाटेल.

वाडीकर_घोडबंदर

सगळ्यांचे मनापासून आभार. झीला, पॅसेंजरचं पक्कं, नोव्हेंबरमध्ये जातोय, चावी शेजारच्या काकांकडे द्यायचं भावालाही पटलंय, विकायचं आता निदान एक वर्ष तरी पुढे ढकललं.

ताई, तुमचं मी मुलीला वाचून दाखवणार होतो, पण तिने मोबाईल घेऊन स्वतःच वाचलं, दोनदा. मग मी माझ्या बहिणीला फोन केला. आम्ही पोरं डोंगरावर असायचो तेव्हा ती काय करायची हे मी तिला इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. आम्ही आणलेले काजू ती सोलायची, तिच्या हातांची सालपटं माझ्यापेक्षा जास्त निघायची. आणि विकून आलेल्या पैशांत तिचा वाटा नसायचा. तासभर बोललो.

मुलीचा एक प्रश्न आहे तुम्हाला, तिने लिहायला सांगितलंय. त्या काकूंना सायकल परत कधी मिळाली?

नेरूळची_वेंगुर्लेकर

तिला सांगा कोणी दिली नाही, मीच घेतली. गणपती जवळ आले होते, देवघर आवरायला काढलं होतं, खण रिकामा करताना चावी हातात आली. बाबा पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. पडवीत गेले तर पावसाने कुलूप गंजलेलं, आत खोबरेल सोडलं, बराच वेळ खटपट केली तेव्हा उघडलं. टायरमध्ये हवा नव्हती, तशीच हातात धरून दुकानापर्यंत नेली, हवा भरली आणि बंदरावर जाऊन आले. परत आले तेव्हा बाबा पडवीतच उभे होते. म्हणाले ब्रेक बघून घे, दोन महिने उभी होती.